नदीपलीकडची बाल्कनी

१९ डिसेंबर
क्राकूफला पोचले. हॉटेल स्टेशनच्या मागेच. खोली लहान, हीटर जोरात, खिडकी अंगणात उघडते. पुरेसं आहे.

उद्देश स्पष्ट लिहून ठेवते: स्थळदर्शन. मी याच शहरात जन्मले, इथंच वाढले आणि म्हणूनच इथलं काही पाहिलेलं नाही. राजवाडा शाळेबरोबर एकदा पाहिला, तेव्हा निम्मा वर्ग शिंकत होता आणि मी त्या निम्म्यात होते. आता राहते त्या व्रोत्सवाफच्या ऑफिसात एक जर्मन सहकारी परवा मला इथल्या मोठ्या चर्चमधल्या लाकडी वेदीबद्दल विचारत होता. मला एक वाक्य बोलता आलं नाही. हे बरं दिसत नाही. म्हणून आठवड्याची रजा काढली.

मध्ये विगिलिया येते, हा योगायोग. नाताळच्या आदल्या संध्याकाळी सगळा पोलंड घरी जेवायला बसतो आणि हॉटेलं स्वस्त होतात. एवढाच हिशेब.

ताई याच शहरात राहते. पण तिचं घर नदीपलीकडे, पोदगुझेत. माझ्या आखणीत पोदगुझे नाही.

२० डिसेंबर
मोठं चर्च. दोन मनोरे, एक उंच, एक बुटका. गोष्ट अशी सांगतात की दोघा भावांनी एकेक बांधायला घेतला आणि धाकट्याचा जास्त उंच होईल या भीतीनं थोरल्यानं त्याला सुरा मारला. धाकट्याचं काम तांत्रिकदृष्ट्या चांगलं होतं, हे मात्र कोणी सांगत नाही. सुरा समोरच्या बाजाराच्या कमानीत टांगून ठेवलाय. लोक त्याच्याखाली उभे राहून आलं घातलेली बिस्किटं खातात.

तासाला वरून तुतारी वाजली आणि नेहमीप्रमाणे सूर मध्येच तुटला. पर्यटक बराच वेळ वर बघत राहिले, पुढचं येईल म्हणून. पुढचं येत नाही. तुतारीवाल्याच्या गळ्यात बाण लागला होता म्हणे, आठशे वर्षांपूर्वी. आमच्याकडे आई दुपारचा सूर रेडिओवर ऐकायची आणि तो तुटला की सूप वाढायची. आम्हाला त्या जागी तुटणंच पूर्ण वाटायचं.

आत जायला रांग होती. वेदी उद्या.

परत पायी आले. थोडा वळसा पडला, नदीवरच्या नव्या पादचारी पुलावरून. पूल पाहणं हे माझं काम आहे. जाळीला प्रेमिकांनी कुलुपं लावलीत. भार नगण्य. पुलाच्या पलीकडे पोदगुझे लागतं. त्याला माझा इलाज नाही.

ताईच्या इमारतीसमोरून गेले. तिसऱ्या मजल्यावरची बाल्कनी जागेवर आहे.

इथं पार्श्वभूमी लिहिणं योग्य होईल. एप्रिलमध्ये ताईनं नव्या घराची पार्टी दिली. वितेक, म्हणजे तिचा नवरा, सगळ्यांना हातातल्या ग्लासांसकट बाल्कनीत घेऊन गेला. मी येताना खालून पाहिलं होतं: लोखंडी आधार भिंतीत शिरतात तिथं गंजून पापुद्रे सुटलेत. मी सगळ्यांना आत यायला सांगितलं. शांतपणे. दुसऱ्यांदा थोडं मोठ्यानं. वितेकच्या आईनं स्वतःवर वाइन सांडली. त्यानंतर पार्टी जमली नाही. ताई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"बोग्ना, तू माझ्या घरी कधी पाहुणी म्हणून येतेस का गं? तू तपासणीला येतेस."

मी म्हटलं, आधार गंजलाय.

तेव्हापासून बोलणं नाही. माझं म्हणणं बरोबर होतं, आजही आहे. तेव्हा आधी फोन कोणी करायचा, हा प्रश्न सुटलेला आहे. फक्त तिला तो सुटलेला माहीत नसावा.

२१ डिसेंबर
वावेल टेकडी. राजवाड्याची आजची तिकिटं संपली होती. कॅथीड्रलच्या दारावर साखळीनं हाडं टांगली आहेत, ड्रॅगनची म्हणतात. देवमाशाची किंवा मॅमथची असणार. ती पडली की जग बुडेल, अशी समजूत. मी साखळी पाहिली. जग सध्या सुरक्षित आहे.

रांगेत एक म्हातारे पोर्तुगीज गृहस्थ होते, आन्सेल्मो. माझ्याच हॉटेलात उतरलेत. भूगोलाचे निवृत्त शिक्षक. बायकोला क्राकूफ पाहायचं होतं म्हणे. ती गेल्या वर्षी वारली, म्हणून तिचं गाइडबुक घेऊन हे आले. पुस्तकात तिनं पेन्सिलीनं खुणा केल्या आहेत आणि हे त्या खुणांप्रमाणे चालतात. मला ही पद्धत अवैज्ञानिक वाटली, पण त्यांचं निम्मं शहर पाहून झालंय.

त्यांनी विचारलं, तुम्ही आज काय पाहिलंत? मी म्हटलं, साखळी.

परत येताना पुन्हा पूल. कालच्या निरीक्षणाची खातरजमा. ताईच्या खिडकीत कागदाचे तारे चिकटवलेत, वेडेवाकडे. कायतेकचं काम. भाचा पाच वर्षांचा आहे, कात्री अजून उलटी धरतो. निदान एप्रिलमध्ये धरायचा.

रिसेप्शनवरची ओतिलिया म्हणाली, "मॅडम, सगळे पर्यटक बुटांना मेणबत्त्यांचं मेण नाहीतर बाजारातला गवताचा भुसा घेऊन येतात. तुमच्या बुटांना पोदगुझेचा चिखल. तिकडे बघण्यासारखं आहे तरी काय?"

मी म्हटलं, पूल. ती म्हणाली, पूल अलीकडूनही दिसतो.

मुलगी हुशार आहे. रिसेप्शनवर वाया जातेय.

२२ डिसेंबर
वेदी पाहायला निघाले. चर्चमध्ये प्रार्थना सुरू होती, पर्यटकांना प्रवेश नाही. प्रार्थनेला आले म्हणून सहज आत जाता आलं असतं. पण ते खोटं ठरलं असतं, मी पर्यटक म्हणून आले आहे.

आन्सेल्मो दारात सिगारेट ओढत उभे होते. कुठं निघालात, म्हणाले. मी म्हटलं, एका बांधकामाच्या पाहणीला. तेही निघाले. पुस्तकात आज खूण नव्हती.

वाटेत त्यांनी विगिलियाचं विचारलं. टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात, न सांगता येणाऱ्या पाहुण्यासाठी, हे खरं का? मी म्हटलं, शंभर टक्के. प्रत्येक घरात. मग कोणी खरोखर आलं तर? आत घ्यावंच लागतं, मी म्हटलं, त्या संध्याकाळी दारातून कोणाला परत पाठवत नाहीत. तुम्ही असं कोणी आलेलं पाहिलंय का, त्यांनी विचारलं. मी पाहिलेलं नाही. पण वापर झाला नाही म्हणून नियम रद्द होत नाही. आपत्कालीन दरवाजाही कोणी रोज वापरत नाही.

तोवर आम्ही ताईच्या इमारतीसमोर पोचलो होतो. उदाहरणादाखल मी वर बोट दाखवलं. समजा तो तिसरा मजला. कागदाचे तारे आहेत ते घर. परवा संध्याकाळी तुम्ही तिथली बेल वाजवली तर ते तुम्हाला बसवून जेवायला वाढतील. न ओळखता.

"न ओळखता," ते म्हणाले. मग म्हणाले, "आणि ओळखीचं कोणी आलं तर?"

मी त्यांना बाल्कनीचे आधार दाखवले. गंज म्हणजे काय, लोखंड फुगून दगड कसा फोडतं, हे समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शिक्षक असूनही ऐकून घेतात.

२३ डिसेंबर
येशूजन्माच्या देखाव्यांचं, चकचकीत कागदाच्या गव्हाणींचं प्रदर्शन आज पाहायचं होतं. रस्त्यात नन्सच्या टेबलावर ओपवातेक विकायला होते. आठवण म्हणून एक पाकीट घेतलं. पांढरी, कागदासारखी पातळ चकती, वर येशूजन्माचं चित्र उठवलेलं. जेवणाआधी प्रत्येकानं प्रत्येकाच्या चकतीचा तुकडा मोडायचा आणि त्याला शुभेच्छा द्यायच्या, अशी पद्धत आहे. एकट्यानं खायची सोय त्यात नाही. रचनेतला दोष म्हणता येईल.

नन म्हणाली, घरी किती जणं, मुली? मी म्हटलं, चार. ताई, वितेक, कायतेक आणि मी धरून. हा आकडा का दिला, माहीत नाही. ती घाईत होती, मीही घाईत होते.

प्रदर्शन राहून गेलं.

उद्याची परिस्थिती तपासून पाहिली. परक्याला परत पाठवत नाहीत, पण मी परकी नाही, म्हणून तो नियम मला लागू नाही. घरच्या माणसाला बोलावणं असायला हवं आणि ते आलेलं नाही. मी दोन्ही कलमांच्या मधल्या फटीत येते. आई असताना ही फट नव्हती. ती गेल्यापासून आम्ही ताईकडे जेवतो आणि गेल्या वर्षीपर्यंत हा प्रश्नच आला नाही. मागच्या वर्षी मला बोलावलं होतं का, ते आठवत नाही. बहुतेक मी नुसती गेले होते.

निर्णय: उद्या शहर बंद असतं, त्यामुळे संध्याकाळी पाय मोकळे करायला बाहेर पडावंच लागेल. वाट त्या बाजूनं गेली तर ओपवातेकचं पाकीट देऊन लगेच निघेन. बसणार नाही. आग्रह झाला तर पाच मिनिटं.

निळा ड्रेस बॅगेत होता. इस्त्री करून घेतली. सुरकुत्या पडल्या होत्या, एवढंच कारण.

२४ डिसेंबर
दुपारी बाजार आवरला. ट्राम विरळ झाल्या. रस्ते रिकामे. सगळ्या जिन्यांतून बीटाच्या सुपाचा आणि तळलेल्या माशाचा वास खाली येत होता. पूल ओलांडताना एक माणूसही भेटला नाही.

ढग होते. पहिला तारा दिसल्याशिवाय जेवायला बसत नाहीत. तारा दिसत नव्हता, म्हणजे माझ्याकडे वेळ होता. समोरच्या फुटपाथवर थांबले.

वरच्या खिडकीत दिवा. ताई हातात काहीतरी घेऊन डावीकडून उजवीकडे गेली. केस बांधले होते, आई बांधायची तसे.

मी रस्ता ओलांडायला पाऊल टाकलं आणि कोपऱ्यावरून आन्सेल्मो आले. टाय लावलेला. हातात फुलं, कागदात गुंडाळलेली. गाइडबुक काखेत. त्यांनी मान वर करून तारे पाहिले. कागदाचे. घर ओळखलं आणि बेल वाजवली.

मी वृत्तपत्राच्या बंद टपरीमागे गेले.

वितेकनं खाली येऊन दार उघडलं. बोलणं ऐकू आलं नाही. आन्सेल्मोंनी टोपी काढली, फुलं पुढे केली, बोटानं एक दाखवलं, म्हणजे एकटाच आहे, असं. वितेकनं फुलं घेतली. मग त्यानं वर जिन्याकडे तोंड करून ताईला ओरडून सांगितलं, हे मात्र रस्त्यापलीकडे ऐकू आलं: "यागोदा, आला गं! खरोखर एक आला!"

दार बंद झालं.

नियम मीच सांगितला होता. पत्ताही मीच दाखवला होता. ताट एक असतं, पाहुणा एक आला. आसनक्षमता पूर्ण. आता मी वर गेले असते तर त्यांना स्वयंपाकघरातून स्टूल आणावं लागलं असतं आणि कोणाला तरी सरकावं लागलं असतं. कोणाची गैरसोय करायला मी आलेले नाही.

एकूण हे चांगलंच झालं. म्हाताऱ्या माणसाला जेवण मिळालं. पद्धत चालते, हे सिद्ध झालं.

हॉटेलात ओतिलिया एकटीच ड्यूटीवर होती. डब्यात पियेरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, आणले होते, निम्मे मला दिले. कोबीचे. मी ओपवातेक काढला. तिनं माझा तुकडा मोडला, मी तिचा. शुभेच्छा द्यायच्या असतात. मी म्हटलं, तुला याहून चांगली नोकरी मिळो. ती म्हणाली, "मॅडम, तुम्हाला पुढच्या विगिलियाला माझं तोंड बघायला न लागो."

निळा ड्रेस चांगला आहे, असंही म्हणाली.

२५ डिसेंबर
नाश्त्याला आन्सेल्मो माझ्याच टेबलाशी आले. बारा पदार्थ होते म्हणे. सगळे खाल्ले. माशाचा एक खवला मिळालाय, पाकिटात ठेवायला, त्यानं वर्षभर बरकत राहते. कायतेकनं प्रत्येक ताटाखाली एकेक लपवला होता.

मी म्हटलं, मी सांगितलं तसंच झालं तर. जास्तीचं ताट होतं.

दोन होती, ते म्हणाले.

मी म्हटलं, एकच असतं.

दोन होती. पहिल्या खुर्चीवर बसायला ते गेले तर सगळे एकदम नको म्हणाले आणि त्यांना दुसरीवर बसवलं. छोटा म्हणाला (इंग्रजी वितेकचं), ती मावशीची. मावशी उशिरा येते, गाड्यांचा भरवसा नसतो. ताटाशेजारी ओपवातेक ठेवला होता, तो शेवटपर्यंत तसाच होता. आन्सेल्मोंनी विचारलं, तिला कळवलंय का, बोलावलंय का? त्यावर ती बाई वाढता वाढता म्हणाली, घरच्या माणसाला कोण बोलावतं?

मी कॉफीत साखर घातली. मी साखर घेत नाही.

मग ते बाल्कनीवर आले. जेवणानंतर सिगारेट ओढायला त्यांनी बाल्कनीचं दार कुठं आहे विचारलं, तर दारासमोर मोठं कपाट सरकवून ठेवलेलं. वितेक म्हणाला, "काका, जिन्यात जाऊन ओढा. इकडे वरून हुकूम आहे. मेहुणीचा. एप्रिलपासून माझ्या आईलासुद्धा तिकडे पाऊल टाकू दिलेलं नाही." कपाट कोणी ठेवलं, तर यागोदानं. पार्टीच्याच रात्री, एकटीनं ढकलत, रडत. सगळे अजून त्यावरून तिला चिडवतात.

"ती मावशी इंजिनिअर आहे म्हणे," आन्सेल्मो म्हणाले. "पुलांची."

मी म्हटलं, पोलंडमध्ये पुलांचे इंजिनिअर पुष्कळ आहेत.

"असतील ना," ते म्हणाले आणि त्यांनी माझी कॉफी बाजूला सारून मला दुसरी आणून दिली, बिनसाखरेची.

ते दुपारी गेले. जाताना मला गाइडबुक दाखवलं. पेन्सिलीच्या खुणा संपल्या होत्या. शेवटच्या पानावर त्यांनी स्वतः एक केली होती, पोदगुझेच्या नकाशावर.

आज फोन करता आला असता. पण सणाचा पहिला दिवस, लोक झोपतात. उद्या दुसरा दिवस. तो भेटीगाठींचाच असतो. उद्या जाणं हे रीतीला धरून होईल.

२६ डिसेंबर, सकाळ
रात्री बर्फ पडला. माझी गाडी दुपारची आहे. आधी पोदगुझे, मग स्टेशन. बॅग बरोबर घेतली.

बोलायचं एक वाक्य तयार केलंय: "बाल्कनीबद्दलचं माझं निरीक्षण बरोबर होतं, पण वेळ चुकली." पुन्हा वाचलं. पणच्या आधीचा भाग काढला. राहिलं: "वेळ चुकली." पुरेसं आहे.

२६ डिसेंबर, नंतर
बेल वाजवली. उत्तर नाही. पुन्हा वाजवली. पहिल्या मजल्यावरच्या कालेंबाबाई कचरा घेऊन खाली आल्या आणि मला आत जिन्यात घेऊन वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तूच ना गं ती, बाल्कनीवाली? तुझ्या बहिणीनं आम्हा सगळ्यांना असं घाबरवलंय, उन्हाळाभर मी कपडे न्हाणीघरात वाळवले."

मी विचारलं, ते कुठं आहेत. सकाळीच गेले म्हणाल्या, तार्नूफला, वितेकच्या आईकडे. उद्या येतील.

माझ्या हातात ओपवातेकचं पाकीट होतं. बाई म्हणाल्या, "हा आता आणलास? हा परवा मोडायचा होता. आता गाईला घाल." पण तुकडा मोडला आणि खाल्लाही. मला चांगला नवरा मिळो म्हणाल्या. मी त्यांना कोरडे कपडे चिंतले.

खाली येऊन समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. शेवटची पाहणी. बाल्कनीवर बर्फाचा जाड थर होता, कठड्याच्या गजांतून या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड. एक पाऊलही उमटलेलं नाही. काचेमागे कपाटाची पाठ दिसत होती. इतके दिवस मी ती खालून पाहत होते आणि मला ती भिंत वाटली होती.

ताजा बर्फ हलका असतो. भिजला की जड होतो. कोणीतरी तो झाडायला बाहेर पडेल, हा धोका होता. म्हणून जवळ जाऊन, खालून आधार नीट पाहून, ताईला मेसेज केला: बाल्कनीवर बर्फ साचलाय, झाडायला बाहेर जाऊ नका.

पाठवल्यावर लक्षात आलं, हे व्रोत्सवाफहून दिसत नाही.

उत्तर लगेच आलं. तू कुठं आहेस?

लिहिलं: क्राकूफमध्ये. स्थळदर्शनासाठी आले होते.

 मग: काय काय पाहिलंस?

उत्तर द्यायला वेळ लागला, कारण अचूक द्यायचं होतं. चर्च बाहेरून. राजवाडा बाहेरून. गव्हाणी नाहीत. शहराबाहेरची मिठाची खाण नाही. तुझी बाल्कनी, रोज.

तयार केलेलं वाक्य पाठवायचं राहिलं.

मोठ्या चर्चची तुतारी इथवर ऐकू येत नाही. तरी मी मध्येच तुटलेल्या जागी थांबावं तशी थांबले होते. मग फोन वाजला. मेसेजच होता.

"वितेक गाडी काढतोय. तिथंच थांब. आणि बाल्कनीखाली उभी राहू नकोस."

मी बाल्कनीखालीच उभी होते. सूचना तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. रस्ता ओलांडून समोरच्या दाराच्या आडोशाला आले. पाय गार पडलेत, पेन नीट चालत नाही. तार्नूफहून यायला तासभर तरी लागेल, बर्फात जास्तच. माझी गाडी चुकणार, हे उघड आहे.

हरकत नाही. मिठाची खाण पाहायची राहिलीच आहे.